'श्यामची आई' : पुस्तक आणि बोलपट



अलीकडे घरातल्या साऱ्यांनी मिळून आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा 'श्यामची आई' पुन्हा पाहिला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविणारा हाच तो बोलपट. वनमालाबाईंचे काम पाहून पदर ओला झाला. मग साने गुरुजींचे पुस्तक काढले. ते १९३५ चे, आणि मला तेच अधिक रुचले. पोहायला भिणाऱ्या श्यामला मारून विहिरीवर धाडणारी, मागून त्याच्यासाठी दही राखणारी आई अगदी आपल्यातली वाटते.

एक मात्र खटकते. अंगात ताप असता ती कामे उपसते आणि आपण नुसते 'धन्य माउली' म्हणतो! आपल्या गंगाखेडच्या जनाबाईला दळू लागायला प्रत्यक्ष विठ्ठल आला म्हणतात. आपल्याला ताप आला, त्या दिवशी स्वयंपाकघरात कोण शिरते, ते ज्या त्या भगिनीने सांगावे.