फळांच्या चहात फळ किती?



फळांच्या चहाचं पाकीट घ्याल तेव्हा ते आधी उलटं करा आणि मागची घटकांची यादी वाचा. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, असा आपल्याकडे नियम आहे. पुढच्या बाजूला आंबा नाहीतर स्ट्रॉबेरी असते. यादीत मात्र बहुतेक वेळा आधी येतात ते सफरचंदाचे वाळवलेले तुकडे, लाल अंबाडीची बोंडं, संत्र्याची साल. सफरचंदानं गोडी येते, अंबाडीनं आंबटपणा आणि लाल रंग. फळाचा वास वाळवताना बराचसा उडून जातो, म्हणून तो वरून घालतात. पुष्कळ मिश्रणांत चहाची पत्तीही नसते. ते वाईट नव्हे; पण आपण काय पितो हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

आता आपल्या भागाकडे पाहू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ गोड, पण नाजूक. एकदा पिकलं की थोड्याच दिवसांत उतरतं. आवक वाढली की बारीक फळाला भाव राहत नाही. हेच फळ वाळवलं तर टिकतं. बोर्डीच्या चिकू महोत्सवात चिकूच्या चिप्स आणि पावडर लोक आवडीनं घेतात. मग चिकू चहात का नको?

पिकलेला पण घट्ट चिकू सोलून, बिया काढून, पातळ कापून जाळीखाली वाळवला की काप तपकिरी आणि चिवट होतो. गरम पाण्यात पाच-सात मिनिटांत तो फुगतो आणि पाण्याला गुळासारखी गोडी येते. पण चिकूला आंबटपणा जवळजवळ नाही, आणि वासही मंदच. म्हणून त्याला जोड हवी. ती इथल्याच परसात आहे. डहाणूच्या पारशी-इराणी घरांत गवती चहा आणि पुदिना घालून चहा करण्याची जुनी रीत आहे. गवती चहाच्या पातीत लिंबासारखा वास असतो, तो चिकूच्या गोडीला उठाव देतो. आंबटपणाला वाळवलेली लाल अंबाडी चालते. एक मात्र सांभाळा: अंबाडी किंवा लिंबू घातलं तर दूध घालू नका, ते फाटेल. दुधाचा चहा हवा असेल तर चिकू, गवती चहा आणि पत्ती एवढंच पुरे.

वाळवण्याचं काम आमच्याकडे नवीन नाही. तलासरीच्या पाड्यांवर पहाटे पडलेली मोहाची फुलं बाया वेचतात, उन्हात पसरतात, आणि पिवळसर फुलं लालसर तपकिरी होईपर्यंत वरखाली करत राहतात. ऊन किती, कधी उचलायचं, दमट हवेत काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांच्या बचतगटांना जाळीचं सौर वाळवणी यंत्र, हवाबंद डबे आणि अन्नपरवाना मिळवायला मदत मिळाली, तर बारीक चिकूचं मोल गावातच राहील.

अशा चिकूच्या चहाच्या पाकिटामागे यादी छोटी असेल: चिकू, गवती चहा, अंबाडी. पहिलं नाव चिकूचं असावं, आणि पाकिटावर चित्रही चिकूचंच असावं. बागायतदारानं, गटानं आणि दुकानदारानं एवढं पाळलं, तर घोलवडचं नाव विश्वासानं विकलं जाईल.