वाद्ये एकमेकांशी काय बोलतात?



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्यामुळे ‘सिंथेसायझरची मिडी सेटिंग्ज’ हा विषय फलकावर वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. हा विषय दुकानदाराचा किंवा कारागिराचा, तो व्याख्यानपीठावर कशाला, असेही कोणी मनात म्हटले असेल. आमचे उत्तर असे की, ज्या मुलखात भाताची कापणी झाल्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात, आणि त्या नाटकांतील गाणे-वाजवणे प्रेक्षकांच्या समोर प्रत्यक्ष चालते, त्या मुलखात हा विषय एकट्या वादकाचा राहत नाही. तिकीट काढून मंडपात बसणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध येतो.

झाडीपट्टीच्या रंगभूमीची ओळख आपल्याला करून देण्याची गरज नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात ती वाढली. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांच्या शेजारी ती उभी राहिली, आणि मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने गावात जमणाऱ्या माणसांनी तिला पोसले. गोंदिया-बल्लारपूर लोहमार्गावरील वडसा हे आज तिचे मुख्य ठाणे आहे. हंगामात नाटके ठरवायला लोक तेथेच जातात. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या जगानेही तिची दखल घेतली.

या रंगभूमीवर पूर्वी पायाने भाता मारायचा ऑर्गन आणि तबला असे. आज त्याच जागी बहुधा सिंथेसायझर असतो आणि शेजारी ऑक्टोपॅड. म्हणजे विजेवर चालणारी दोन यंत्रे एका वायरीने जोडली जाण्याची वेळ आपल्या मंडपात आली आहे. ती वायर नेमके काय वाहून नेते, हे समजून घेणे हा आजचा आमचा विषय.

एक योगायोग येथे सांगावासा वाटतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर पाचच महिन्यांनी, जानेवारी १९८३ मध्ये, अमेरिकेतील अनाहाइम येथील वाद्यांच्या प्रदर्शनात दोन निरनिराळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवण्यात आले. एक अमेरिकेच्या सिक्वेन्शियल कंपनीचा, दुसरा जपानच्या रोलँड कंपनीचा. एकावर पट्टी दाबली की दुसराही वाजे. तोवर एका कंपनीच्या वाद्याची भाषा दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला सहसा कळत नसे. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन, बाजारात स्पर्धा असतानाही, सर्वांना एक भाषा असावी असे ठरवले, आणि ती वापरण्याबद्दल कोणाकडून मोबदला घेतला नाही. या कार्याबद्दल त्या दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या भाषेचे नाव ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’. त्यातील आद्याक्षरांवरून मिडी. २०२० साली तिची दुसरी आवृत्ती निघाली, तरी मंडपातल्या वाद्यांचे काम अजून बहुतांशी पहिल्याच आवृत्तीवर चालते.

आता मुख्य गोष्ट. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. तिच्यातून निरोप जातो. भातखंड्यांच्या पद्धतीने लिहिलेल्या स्वरलिपीच्या कागदाला कान लावला तर काही ऐकू येत नाही. तो कागद वाचून गाणाऱ्याचा गळा वेगळा असावा लागतो. मिडीचे तसेच आहे. आपण पट्टी दाबली की वायरीतून तीन आकडे जातात. पहिला सांगतो, ‘अमुक क्रमांकाच्या चॅनेलवर सूर सुरू कर’. दुसरा सांगतो सूर कोणता. तिसरा सांगतो पट्टी किती जोराने दाबली. सुरांना आणि जोराला ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२. बोट उचलले की ‘सूर थांबव’ असा दुसरा निरोप जातो. असा एक निरोप पोहोचायला सुमारे एक सहस्रांश सेकंद पुरतो.

हे एवढे लक्षात घेतले की वादकांना छळणारी पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. समजा, सूर चालू असताना कोणाचा पाय लागून वायर निघाली. ‘सुरू कर’ हा निरोप पोहोचला आहे, ‘थांबव’ हा पोहोचलेला नाही. मग ते वाद्य भोंग्यासारखे एकच सूर धरून बसते. मंडपात लोक म्हणतात, यंत्र बिघडले. यंत्र बिघडलेले नाही. ते आज्ञाधारकपणे पुढच्या निरोपाची वाट पाहत आहे. अशा वेळी सर्व सूर थांबवण्याची एक आज्ञा असते. ती आपल्या वाद्यावर कोठे आहे, हे वादकाला अंधारातही सापडले पाहिजे.

सेटिंग्जमध्ये पहिला मान चॅनेलचा. एका वायरीवर सोळा चॅनेल असतात. एका वर्गात सोळा विद्यार्थी बसवावेत आणि गुरुजींनी प्रत्येक वाक्याआधी हजेरी क्रमांक उच्चारावा, तसा हा प्रकार. ज्याचा क्रमांक त्याने ऐकावे. पाठवणाऱ्या वाद्याचा क्रमांक आणि ऐकणाऱ्या वाद्याचा क्रमांक जुळला नाही तर दोन्ही वाद्ये धडधाकट असून शांतता पसरते. ऑक्टोपॅडच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे. १९८५ साली निघालेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाज मुळीच नव्हता. काठीची थाप तो मिडीच्या निरोपात बदलून दुसऱ्या यंत्राला धाडत असे. नंतरच्या ऑक्टोपॅडांत आवाज आले, पण निरोप पाठवण्याचा गुण कायम राहिला. १९९१ साली ठरलेल्या ‘जनरल मिडी’ संकेताप्रमाणे तालवाद्यांचा चॅनेल दहावा. ऑक्टोपॅड पहिल्या चॅनेलवर बोलू लागला आणि सिंथेसायझरच्या पहिल्या चॅनेलवर पियानो असला, तर ढोलकीच्या थापेला पियानोचा सूर उमटतो. करुण प्रसंगात असे झाले तर प्रेक्षागृहात हशा पिकतो, आणि त्यात नटाचा काही दोष नसतो.

दुसरे सेटिंग ‘लोकल कंट्रोल’. सिंथेसायझर ही खरे तर एका पेटीत कोंबलेली दोन वाद्ये आहेत: पट्ट्यांचा फलक आणि आवाज निर्माण करणारा भाग. ‘लोकल’ चालू असेल तर पट्ट्या आपल्याच पोटातील आवाजाला वाजवतात. ‘लोकल’ बंद केले की हा आतला रस्ता तुटतो आणि पट्ट्यांचा निरोप फक्त बाहेर जातो. संगणकाला जोडून काम करताना हे बंद ठेवावे लागते. नाहीतर एकच सूर आतून एकदा आणि बाहेरून फिरून एकदा, असा दोनदा उमटतो. पण काम संपल्यावर ते पुन्हा चालू करायचे राहिले, तर दुसऱ्या दिवशी मंडपात ते वाद्य मुके होते. दिवे लागतात, पडदा उजळतो आणि आवाज मात्र नाही. दुरुस्तीसाठी वाद्य नागपूरला धाडण्यापूर्वी हे एक सेटिंग पाहावे.

तिसरी बाब पट्टी चढवण्या-उतरवण्याची. पेटीमास्तरांचे गाणे पांढरी एकमध्ये बसलेले आहे आणि नायिकेचा गळा काळी दोनला लागतो. ‘ट्रान्सपोज’ तीनने चढवले की बोटे जुन्याच पट्ट्यांवर फिरतात आणि सूर काळी दोनचा निघतो. सोय मोठी आहे. परंतु अनेक वाद्ये चढवलेलाच क्रमांक, म्हणजे ६० ऐवजी ६३, बाहेर पाठवतात. शेजारच्या वाद्यावरही कोणी हौसेने तीन चढवून ठेवले असतील तर तेथे ६६ वाजेल. दोन वाद्ये, दोन सा, आणि मधोमध उभी असलेली गायिका! म्हणून पट्टी एकाच ठिकाणी चढवावी आणि ते ठिकाण कोणते, हे दोन्ही वादकांनी आधी ठरवावे.

यापेक्षा नाजूक गोष्ट मींडेची. सूर ओढण्याच्या चाकाचा निरोप १६,३८४ पायऱ्यांत जातो, म्हणजे तो पुरेसा सूक्ष्म आहे. मात्र तो निरोप ‘अमुक सुरापर्यंत जा’ असे सांगत नाही. ‘चाक इतके फिरले’ एवढेच सांगतो. चाक पूर्ण फिरले म्हणजे किती स्वर जायचे, हे ऐकणाऱ्या वाद्याच्या सेटिंगवर ठरते. बहुतेक वाद्यांत ते दोन अर्धस्वर असते. पण कोणी बारा केले असेल तर एक वाद्य सा वरून रे वर जाते आणि दुसरे थेट वरच्या सा वर. शिवाय मींडेचा निरोप त्या चॅनेलवरच्या सर्व सुरांना लागू होतो. त्याच चॅनेलवर आधाराचा षड्ज धरलेला असेल तर तोही ओढला जाईल. यासाठी आधारस्वर वेगळ्या चॅनेलवर ठेवावा. षड्ज हलला तर गवयाने उभे कोठे राहावे?

यातूनच श्रुतींचा प्रश्न येतो. पेटीचे बारा स्वर समान अंतराने बसवलेले असतात. आपल्या कानाला गोड लागणारा शुद्ध गंधार त्या हिशेबात थोडा खाली असतो; अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग. याच बांधीव सुरांबद्दलच्या आक्षेपांतून आकाशवाणीवर १९४० साली हार्मोनियमला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आजच्या पुष्कळ सिंथेसायझरांत ‘स्केल ट्यून’ नावाची सोय आहे. तिने बाराही स्वर निरनिराळे खालीवर करता येतात. म्हणजे ज्या दोषासाठी पेटीला एकतीस वर्षे बाहेर बसावे लागले, त्यावर थोडाफार उपाय आता वादकाच्या बोटाशी आहे. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. एक, सा बदलला की ही मांडणी नव्या सा साठी पुन्हा करावी लागते. दोन, साध्या सुराच्या निरोपात फक्त क्रमांक जातो, त्याची श्रुती जात नाही. तेव्हा एका वाद्याचा गंधार उतरवला म्हणून दुसऱ्याचा आपोआप उतरणार नाही.

तालाच्या घड्याळाविषयी थोडक्यात सांगतो. एका मात्रेला चोवीस टिकटिक या हिशेबाने एक वाद्य दुसऱ्याला लय देऊ शकते. पण ज्याचे घड्याळ ‘बाहेरचे’ असे ठेवले आहे, ते यंत्र बाहेरून टिकटिक आल्याशिवाय ताल सुरूच करत नाही. आपल्या रंगभूमीवर लय नट आणि गायक ठरवतात. म्हणून यंत्राला यंत्राच्या घड्याळाला बांधण्याचे कारण क्वचितच पडते. आवाज बदलण्याच्या निरोपातही एक गंमत आहे. काही कंपन्या आवाजांची मोजणी शून्यापासून करतात, काही एकापासून. त्यामुळे बासरी मागवावी तर शेजारचेच वाद्य हजर होते.

आता कोणी विचारील, हा सगळा उपद्व्याप हवा कशाला? संगीत मुद्रित करून आणावे आणि बटन दाबावे. श्रोतेहो, आमच्या विषयाचे मर्म येथे आहे. मुद्रित संगीत कोणासाठी थांबत नाही. नटाने प्रेक्षकांचा कल पाहून संवाद लांबवला, गाण्याला ‘वन्स मोअर’ आला, तर पुढे वसलेला वादक त्याला सावरून घेतो. झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत माणसांना जागे ठेवते, त्यात या सावरण्याचा वाटा मोठा आहे. परंतु ज्या वादकाला आपल्याच यंत्राची भाषा येत नाही, त्याची बाजू लंगडी पडते. रात्री दोन वाजता यंत्र मुके झाले आणि वादक गोंधळला, तर पुढल्या हंगामात कंपनीचा मालक वादकाऐवजी पेनड्राइव्ह नेईल, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्याला नावे ठेवता येणार नाहीत. वादकाची जागा कोणी परका हिरावून नेणार नाही. ती एका न समजलेल्या सेटिंगपायी जाईल.

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक वादकाने एक साधी वही ठेवावी. तीत चॅनेल, लोकल, ट्रान्सपोज, मींडेची मर्यादा, घड्याळ, आणि प्रत्येक नाटकातील आवाजांचे क्रमांक मराठीत लिहून ठेवावेत. वाद्याची सूचनापुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. ज्या शिक्षकांना आणि महाविद्यालयीन तरुणांना ती वाचता येतात, त्यांनी सुटीच्या चार संध्याकाळी पेटीमास्तरांजवळ बसून त्यांचा अर्थ लावून द्यावा. मास्तरांना सूर कळतो, तरुणांना इंग्रजी कळते. दोघे एका टेबलाशी बसले तर काम होते. होळी नुकतीच झाली, हंगाम संपला. शेतकरी पावसाळ्यापूर्वी नांगर-वखर नीट करून घेतो. वादकांनीही या उन्हाळ्यात दोन वाद्ये जोडून, क्रमांक जुळवून पाहावेत. पहिल्या मंडईच्या रात्री शिकायला बसण्यापेक्षा ते बरे.

आणि प्रेक्षकांना आमची विनंती आहे. पुढल्या मोसमात मंडपात बसाल तेव्हा पडद्याच्या खालच्या अंगाला बसलेल्या त्या दोन-तीन माणसांकडेही पाहा. गाणे संपल्यावर टाळी वाजवताना तिचा काही भाग त्यांच्याकडेही जाऊ द्या.