उपकरण उपसलं, ड्रायव्हर राहू द्या



वर्षभराचा आढावा अध्यक्षानं घ्यावा असा आपला रिवाज. तो छापून तुमच्या पिशवीत घातलाय; चहाच्या वेळी वाचा. मला बऱ्याच वर्षांपासून एक भांडण करायचंय आणि आज माइक माझ्या हातात आहे.

सकाळच्या परिसंवादात तरुण मित्रांनी ठासून सांगितलं की यूएसबी उपकरण उपसलं की त्याचा ड्रायव्हरही लगेच उतरवावा, मेमरी मोकळी होते. हे खूळ जुनं आहे. 1996 साली लिनक्स 2.0 आलं, त्यात कर्नलडी नावाचा प्रोग्रॅम हेच करायचा: ड्रायव्हरचं मॉड्यूल मिनिटभर रिकामं बसलं की काढून टाक. तेव्हा मशीनला आठ-सोळा एमबी रॅम असायची, मान्य. 2.2 मध्ये कर्नलडी गेला आणि कर्नलनं हा उद्योग सोडला. हौशी मंडळींनी मात्र तो क्रॉनच्या वेळापत्रकात लावून चालूच ठेवला! आज यूएसबी-सिरियल केबलचे दोन मॉड्यूल मिळून शे-सव्वाशे किलोबाइट घेतात. आठ जीबीच्या मशीनवर त्यासाठी जीव टाकायचा?

शिवाय, कर्नलकडची वापराची मोजणी शून्य दिसली म्हणजे ड्रायव्हर मोकळा झाला, असं नसतं. एखादा टायमर वाजायचा असतो, दुसऱ्या प्रोसेसरवर एखादं काम रांगेत असतं. ते परत येतं तेव्हा कोडची जागाच गेलेली. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं हे सगळं आवरायचं असतं. किती जण आवरतात ते तुम्ही-आम्ही जाणतो. 2002 च्या अखेरीस कर्नल विकासक रस्टी रसेल यांनी मॉड्यूल लोडर नव्यानं लिहिला, तेव्हा उतरवण्याची सोय ठेवावी का, इथपर्यंत वाद गेला होता. आजही कर्नल बांधताना ती वगळता येते.

आता एका बाजार समितीतला वजनकाटा ऐका. कांद्याचा हंगाम, बाहेर ट्रॅक्टरची रांग. कुणाच्या तरी पायानं केबल निघाली, पुन्हा लावली. वजनाच्या प्रोग्रॅमनं जुना पोर्ट सोडलाच नव्हता, म्हणून केबल शून्याऐवजी एक नंबरचा पोर्ट होऊन उगवली. संगणकावर वजन येईना. तिथला तंत्रज्ञ ड्रायव्हर उतरवायला गेला. कर्नल म्हणालं, वापरात आहे. अगदी खरं बोललं! गड्यानं जबरदस्तीचा पर्याय वापरला आणि मशीन जागीच गोठलं. मी पोचलो तेव्हा मापाडी काट्यावरचे आकडे वहीत उतरवत होता. मशीन पुन्हा चालू केलं, केबलच्या अनुक्रमांकावरून पोर्टला कायमचं नाव देणारी ओळ यूडेव्हमध्ये लिहिली, आणि प्रोग्रॅमवाल्याला बजावलं: वाचताना चूक आली की पोर्ट बंद कर, मग उघड. ड्रायव्हरला बोट लावलं नाही. बस गेली म्हणून कुणी थांबा उखडत नाही.

विंडोजवाले हसतायत. तुमच्याकडे शेवटचं उपकरण गेलं की ड्रायव्हर उतरतो, ठाऊक आहे. पण उघडी हँडल बंद होईपर्यंत थांबून! उपकरण अचानक उपसल्याची सूचना वेगळी, ते काढून टाकण्याची वेगळी. विंडोज 2000 पासून हा भेद आहे. म्हणजे तुमची साक्षही माझ्याच बाजूची.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं तो हवा तितक्या वेळा उतरवावा, त्याचा तो धंदाच. नवी आवृत्ती घालायची असेल तेव्हाही उतरवा. पण उपकरण दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचं असेल तर नुसतं अनबाइंड करा, तेवढं पुरतं.

या विषयावर मराठीत एक पुस्तिका निघायला हवी. समिती नेमू, नावं नंतर ठरवू, पैशांचं कोषाध्यक्ष बघतीलच. सकाळच्या वक्त्यांना माझं पटलं नसेल तर जेवणानंतर मला गाठा. येताना फक्त आपापली क्रॉनची फाइल घेऊन या.