मागून जोर देणारे इंजिन
(कसारा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



देशोदेशींमध्ये विद्येची, संस्कृतीची आणि विचारांची जी देवाणघेवाण चालते, तिला पैसा आणि आधार कोण पुरवतो, या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. तुमच्यापैकी काहींना वाटेल, हा मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लोकांचा विषय. कसाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो तुम्ही रोज पाहता.

मुंबईची लोकल इथे संपते आणि घाट सुरू होतो. थळ घाटातला हा रेल्वेमार्ग १८६५ साली खुला झाला. चढ असा, की सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. म्हणून जड गाडी कसाऱ्याला थांबते, तिला मागून जादा इंजिने लागतात, ती गाडीला ढकलत इगतपुरीला नेतात आणि तिथे सुटतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. गाडी पुढे वाराणसीला, हावड्याला निघून जाते. तिकिटावर त्या इंजिनाचे नाव नसते, आणि प्रवासी त्या वेळी बहुधा चहा पीत असतो.

मित्रांनो, खरा आश्रयदाता तो हाच. चढ असेल तिथे तो मागे उभा राहतो, गाडी कुठे जावी हे ठरवत नाही, आणि काम झाले की बाजूला होतो.

आपल्या समाजातलेच उदाहरण घ्या. मुंबईचे व्यापारी तय्यब अली यांनी १८६० साली आपला सोळा वर्षांचा मुलगा बद्रुद्दीन याला शिकायला इंग्लंडला पाठवले. तो १८६७ साली मुंबई हायकोर्टातला पहिला हिंदी बॅरिस्टर झाला. त्याच बद्रुद्दीन तय्यबजींनी पुढे १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार घेतला. बापाने ज्याला घाट चढवला, तो हजारो मुलांमागचे इंजिन झाला.

पण सगळ्यांचे वडील व्यापारी नसतात. म्हणून जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. तो भीक म्हणून नव्हे, कर्ज म्हणून द्यायचा. शिकून आलेल्याने पैसे फेडायचे आणि तेच पैसे पुढच्याच्या कामी यायचे. या निधीच्या पहिल्या दोन विद्यार्थिनी होत्या फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. मुलींना बाहेर पाठवायला कचरणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्यात नोकरी, अशी अट होती. पुढे ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, यांच्या जोरावर. पहा, दोन राजे, एक मित्र आणि स्वतःचा घाम, एवढ्यांनी मिळून एक घाट पार झाला. एकाच दात्यावर विसंबणारी गाडी मध्येच अडकू शकते.

मदतीचा ओघ नेहमी परदेशातून आपल्याकडेच येतो, असेही नाही. आंबेडकर लंडनमध्ये ज्या अर्थशास्त्राच्या संस्थेत शिकले, त्याच संस्थेला १९१२ च्या सुमारास जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी पैसा दिला होता. कशासाठी? तर गरिबी का येते आणि ती कशी हटवावी, याच्या अभ्यासासाठी. मुंबईच्या पैशाने इंग्लंडातल्या गरिबीचा अभ्यास झाला! आपण फक्त घेणारे आहोत, हा न्यूनगंड सोडा.

सरकारांचेही असेच आहे. मौलाना आझादांनी १९५० साली दिल्लीत भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. तिच्या शिष्यवृत्त्यांवर परदेशातली मुले आपल्याकडे शिकायला येतात. त्याच वर्षी भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट योजनेचा करार झाला. पुष्कळ वर्षे खर्चाचा भार अमेरिकेकडे होता. २००८ साली नवा करार होऊन दोन्ही देश बरोबरीचे भागीदार झाले आणि शिष्यवृत्तीच्या नावात नेहरूंचे नाव आले. जो खर्चाचा वाटा उचलतो, त्याच्या शब्दालाही वजन येते.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या कमिटीवर होतो. एका हुशार मुलाची परदेशातल्या अभ्यासवर्गासाठी निवड झाली, पण विमानभाडे कमी पडत होते. आम्ही ते जमवले आणि मोठा समारंभ केला. दात्याच्या नावाचा फलक लावला, मुलाला स्टेजवर उभे करून चेकसह फोटो काढला. त्याचे वडील शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मुलगा गेला, शिकून आला. पण संस्थेकडे फिरकला नाही. एकदा स्टेशनवर भेटला तेव्हा म्हणाला, "सर, पैसे मी फेडीन. पण ऑफिसातला तो फोटो तेवढा काढा." त्या दिवशी मला कळले, की आम्ही त्याला ढकलले खरे, पण त्याच्या डब्यावर स्वतःचे नाव रंगवून टाकले. तो फोटो मी त्याच संध्याकाळी उतरवला.

म्हणून पदाधिकाऱ्यांना विनंती, की मदत देताना मुलाची अब्रू सांभाळा आणि हिशेब मात्र उघडा ठेवा. दाता कोण, त्याची अट काय आणि वहीत नोंद कुठे, हे तीन प्रश्न कोणत्याही सभासदाला विचारता आले पाहिजेत. परदेशातून पैसा येत असेल तर कायदा समजून घ्या. परदेशी देणगी घेण्यासाठी संस्थेला २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतच घ्यावा लागतो. आखाती देशात नोकरी करणाऱ्या भावाचा पासपोर्ट भारतीयच असेल आणि त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर ठरते. एवढा फरक माहीत नसेल, तर चांगल्या हेतूने केलेले कामही अडचणीत येते.

पालकहो, पहिले आश्रयदाते तुम्ही. पहाटेच्या लोकलने मुलगी कल्याणला कॉलेजला जाते, तेव्हा तुम्ही उठून तिचा डबा भरता, ते मागचेच इंजिन आहे. ती उद्या आणखी दूर जायचे म्हणाली, तर ब्रेक लावण्यापूर्वी चौकशी तरी करा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मदत घेण्यात कमीपणा नाही. पण इगतपुरीला सुटलेले इंजिन तिथेच उभे राहत नाही. पुढच्या गाडीसाठी ते पुन्हा कसाऱ्याला उतरते. तुम्हीही जरूर दूर जा, आणि कुणासाठी तरी एकदा खाली उतरून या.

खुदा हाफिज.