सोन्याची सीट आणि पत्र्याचा डबा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्यातल्या चौघापाचजणांची पहिली पुस्तकं येऊ घातलीत. म्हणून मला बोलायला उभं केलंय. सगळ्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. प्रस्तावना कोणाची घ्यायची? नोकरी सोडायची का? प्रेमाच्या कविता ठेवायच्या की काढायच्या? लोक म्हणतील, हा विद्रोही कसला, हा तर पोरीच्या आठवणीत रडतोय!

मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत माल उचलतो, रात्री लिहितो. माझ्याकडं समीक्षकाची उत्तरं नाहीत. माझ्याकडं एक गाणारा आहे. त्याच्या पहिल्या रेकॉर्डची हकिकत सांगतो, मग तुमचं तुम्ही बघा.

त्याचं नाव बिल विदर्स. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात स्लॅब फोर्क नावाचं कोळसा खाणीचं गाव आहे, तिथं ४ जुलै १९३८ ला जन्मला. सहा भावंडांत शेवटचा. तेरा वर्षांचा असताना बाप गेला. पोरगं बोलताना अडखळायचं, शब्द तोंडातच अडकायचे. हे अडखळणं त्याला पंचविशी ओलांडेपर्यंत पुरलं. सतराअठराव्या वर्षी आरमारात भरती झाला, नऊ वर्षं काढली. १९६७ ला लॉस एंजेलिसला आला आणि विमानांचे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला. तो काय बनवायचा, माहितीय? विमानातल्या संडासाच्या सीटा.

हसू नका. म्हंजे हसा, पण लक्षात ठेवा. पुढं ह्या सीटेचा संबंध येणार आहे.

हा माणूस गाण्यात शिरला कसा? कोणाला वाटेल देवानं स्वप्नात येऊन सांगितलं. तसलं काय नाय. ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्स गाणार होता, त्याला उशीर झाला. क्लबचा मॅनेजर येरझाऱ्या घालत चिडचिड करत होता, आठवड्याला दोन हजार डॉलर मोजतो आणि ह्याला वेळेवर यायला होत नाय. बिल विदर्सनं ते ऐकलं. त्याला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत होते. हिशेब करा. आठवड्याचे चाळीस तास धरले तर एकशेवीस डॉलर. त्या गायकाचा एक आठवडा म्हंजे ह्याचे चार महिने. गडी गहाणवटीच्या दुकानात गेला, स्वस्तातली गिटार उचलली, आपली आपण शिकला, आणि पाळी संपल्यावर गाणी लिहायला बसला.

मला हे फार आवडतं. कलेचा जन्म म्हंजे साक्षात्कार, हे पोट भरलेल्यांचं म्हणणं. आपल्याकडं कला कित्येकदा पगाराच्या दिवशी जन्मते, पाकीट मोजताना.

पगारातून पैसे साठवून त्यानं नमुन्याची रेकॉर्डिंगं केली आणि कंपन्यांची दारं वाजवली. उघडलं ते ससेक्स नावाच्या छोट्या कंपनीचं. तिचा मालक क्लॅरन्स अवांट स्वतः काळा माणूस. त्यानं रेकॉर्ड करायचं काम बुकर टी. जोन्सवर सोपवलं. बुकर टी. म्हंजे मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओतला नावाजलेला ऑर्गनवाला. सोल संगीत ज्या हातांनी घडवलं त्यातले दोन हात त्याचे. काळ्यांच्या चर्चमधली गॉस्पेल आणि शेतातून, तुरुंगातून आलेली ब्लूज, या दोघींच्या पोटी हे सोल आलं.

पहिल्या दिवशी विदर्स कारखान्यातनं थेट स्टुडिओत आला. पायात कामाचे जुने बूट, खाली खटारा गाडी, हातात गाण्यांची वही. आत बघतो तर एकेक दादा माणूस बसलेला. ड्रमवर अल जॅक्सन, बेसवर डोनाल्ड डन, गिटारवर स्टीफन स्टिल्स. त्यानं बुकर टी.ला बाजूला घेतलं आणि विचारलं, ही गाणी गाणार कोण? बुकर टी. म्हणाला, तूच.

दोस्तांनो, ह्या प्रश्नावर जरा थांबा. वही आपली, गाणं आपलं, दुःख आपलं, आणि तरीही माणसाला वाटतं की गायला दुसरा कोणीतरी येईल. चांगल्या गळ्याचा, चांगल्या कपड्यांचा, न अडखळणारा. ही भीती त्या एकट्याची नव्हती. पिढ्यान् पिढ्या ज्यांना सांगितलं गेलं, तू उचल, बोलणारा दुसरा आहे, त्यांच्या हाडात ती असते. आपण प्रस्तावनेसाठी ज्या दारांत उभे राहतो ना, तिथं आपण हाच प्रश्न विचारत असतो. ही गाणी गाणार कोण?

आता कामाची गंमत बघा. ठरल्या होत्या चार बैठका, तीनतीन तासांच्या. पैसा पुरला नाही म्हणून तीनच झाल्या, आणि दुसरी नि तिसरी यांच्या मध्ये सहा महिने गेले. तेवढे दिवस गाणी पडून राहिली. अल्बम आला मे १९७१ मध्ये. नाव ‘जस्ट ॲज आय ॲम’. म्हंजे मी आहे तसा. विदर्स तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. त्या धंद्यात ह्या वयाला म्हातारा म्हणतात.

कव्हरवरचा फोटो काढला कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत. अंगात कामाचे कपडे, पाठीमागं विटांची भिंत, हातात जेवणाचा डबा. संगतीचे कामगार टिंगल करत होते, बघा, साहेब आता हॉलिवूडला चालले. हा डबा दाखवण्यापुरता आणला नव्हता. त्यात त्याचं जेवण होतं. हा फरक मी सांगतो, कारण आपल्याला त्याचा अनुभव आहे. एका कार्यक्रमात मला विचारलं, स्टेजवर येताना हूक घेऊन याल का, वातावरण तयार होईल. मी म्हटलं, हूक मालाच्या गोणीला लावायचा असतो, तुमच्या वातावरणाला नाय. डबा आपण हातात घ्यायचा की त्यांनी आपल्या हातात द्यायचा, यात सगळं राजकारण आहे.

आणि ह्या गड्यानं नोकरी सोडायची घाई केली नाही. गाण्याचा धंदा बेभरवशाचा, हे त्यानं ओळखलं होतं. पण नोकरीही तसलीच निघाली. अल्बम यायच्या आधी कारखान्यानं त्याला कमी केलं. पुढं एकाच दिवशी दोन पत्रं आली. एकात कारखाना म्हणतोय परत कामावर ये, दुसऱ्यात टीव्हीवर जॉनी कार्सनच्या कार्यक्रमाचं बोलावणं. मालकाला माणूस आठवतो तो नेमका जग त्याला ओळखायला लागतं तेव्हाच!

आता रेकॉर्डचं काय झालं ते ऐका. पहिली सिंगल काढली ‘हार्लेम’. कंपनीला वाटलं हेच चालेल. काळ्यांची वस्ती, काळ्यांचं नाव, बाजाराला ओळखीचं. पाठीमागच्या बाजूला सहज म्हणून ‘एन्ट नो सनशाइन’ टाकलं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. दोन मिनिटांचं गाणं, बाई घर सोडून जाते तेव्हा घरात काय उरतं एवढाच विषय. बिलबोर्डच्या यादीत ते तिसऱ्या नंबरापर्यंत गेलं. पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

या गाण्याच्या मध्यात तो दोन साधे शब्द सव्वीस वेळा म्हणतो. त्या जागी त्याला आणखी कडवं लिहायचं होतं. वाजवणारे म्हणाले, असंच राहू दे. त्यानं ऐकलं. ज्याचे शब्द लहानपणापासून तोंडात अडकत होते, त्याच माणसाचं तेच तेच म्हणणं जगानं डोक्यावर घेतलं, हा माझा अर्थ, त्याचा नव्हे. पण आपल्यापैकी जे कवितेत प्रतिमांचं पोतं ओततात त्यांनी हे गाणं ऐकावं. सांगण्यासारखं असलं की दोन शब्द पुरतात.

गाण्याला गोल्ड मिळालं, तेव्हा कंपनीनं त्याला काय भेट दिली? सोन्याची संडासाची सीट.

आता तुम्ही हसत नाही, बघा. आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या कोणाचे संडास साफ केले ते आपल्याला सांगावं लागत नाही. २०१३ ला कायदा झाला, तरी गटारात माणसं मरतायत. म्हणून ही भेट आपल्याला टोचते. पण घाई करू नका. देणारी कंपनी काळ्याची होती, चेष्टा घरातली होती. आपण एकमेकांच्या कामावर विनोद करतो तशी. तरी मला वाटतं सोनं आणि सीट एकत्र आली की सावध व्हावं. तुझं काम कसलं होतं हे आम्ही विसरलो नाही, असं ती सीट सांगते. हे प्रेमानंही म्हणता येतं आणि दुसऱ्या रीतीनंही. कोण म्हणतोय ते बघा.

काही मित्र म्हणतील, यात लढा कुठं आहे? ज्या ओकलंडनं विदर्सला गिटारच्या दुकानात पाठवलं, त्याच ओकलंडात १९६६ ला ब्लॅक पँथर उभी राहिली, आणि तिच्यावरून १९७२ ला मुंबईत दलित पँथरचं नाव पडलं. मग हा आजीवर गाणं म्हणत काय बसलाय?

त्या अल्बममध्ये ‘ग्रँडमाज हँड्स’ आहे. आजीचे हात. चर्चमध्ये टाळी वाजवणारे, खंजिरी वाजवणारे, पोराला सावरणारे. खाणीच्या गावातल्या काळ्या म्हातारीचे हात कोणत्या इतिहासात लिहिलेत? आपल्या आज्यांचे हात कुठं लिहिलेत? गाडीतळावर, घाटावर, बांधकामावर झिजलेले? ज्याला माणूस म्हणून मोजलं नाही त्यानं ‘माझी आजी’ म्हणणं, ‘मला एकटं वाटतं’ म्हणणं, हे कमी लढणं आहे का? आपण फक्त आक्रोश करायचा आणि हळवेपणाचा मक्ता त्यांच्याकडं, ही वाटणी कोणी केली? मी सही केलेली नाही.

शेवटाला गोडधोड नाही. ससेक्सकडं पैशाचं भांडण झालं. करून ठेवलेला एक अख्खा अल्बम त्यानं रागानं पुसून टाकला. १९७५ ला कंपनी बुडाली. मोठ्या कोलंबिया कंपनीत गेला, तर तिथले गोरे जाणकार त्याला काळ्यांचं संगीत शिकवायला लागले. एकानं सुचवलं, एल्विसचं वस्तीवरचं गाणं तू गा. खाणीच्या गावच्या माणसाला वस्ती कशी असते हे एल्विसकडनं शिकवायचं! १९८५ नंतर त्यानं नवा अल्बम काढलाच नाही. तोंड बंद करणं हेही त्यानं आपल्या मर्जीनं केलं. गाण्यांचे हक्क मात्र घरात सांभाळले आणि त्यावर जगला. ३० मार्च २०२० ला गेला.

म्हणून पहिलं पुस्तक काढणाऱ्यांना सांगतो. ‘गोलपिठा’ला १९७२ मध्ये तेंडुलकरांची प्रस्तावना होती. ती आजही पुस्तकात आहे. पण माणसं पुस्तक उघडतात ती ढसाळांसाठी. प्रस्तावना मिळाली तर घ्या, न मिळाली तर छापायचं थांबवू नका. नोकरी सोडण्याआधी घरातलं पीठ मोजा. करारावर सही करण्याआधी हक्काचं कलम दोनदा वाचा, समजलं नाही तर युनियनच्या वकिलाला विचारा, लाजू नका. प्रेमाच्या कविता ठेवा. आजीची ठेवा. आणि कोणी विचारलं, ही गाणी गाणार कोण, तर इकडंतिकडं बघू नका.

जयभीम.