मीर सुलतान खान : एका ग्रँडमास्टरचे स्मरण
(व्याख्यानाचे शब्दांकन)



ग्रँडमास्टर म्हटले की 1988 मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झालेल्या विश्वनाथन आनंद यांचे नाव आपल्या ओठांवर येते. आज मी ज्यांचे स्मरण करणार आहे, त्यांना हा किताब मिळाला तेव्हा त्यांच्या निधनाला 58 वर्षे पूर्ण होत आली होती.

पंजाबातील मिठा टिवाणा गावचे मीर सुलतान खान लहानपणी वडिलांकडून बुद्धिबळ शिकले, तेही जुन्या देशी पद्धतीने. आपल्यातील ज्येष्ठांना असा डाव आठवत असेल. त्यात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले आणि राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. पाश्चात्य नियम त्यांनी विशी ओलांडल्यावर आत्मसात केले. 1928 मध्ये ते अखिल भारतीय विजेते झाले. सर उमर हयात खान या जमीनदार सरदारांनी 1929 मध्ये त्यांना लंडनला नेले आणि त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते ठरले! 1932 आणि 1933 मध्ये तोच सन्मान त्यांनी पुन्हा मिळविला.

तेथील थंडी त्यांना कधी मानवली नाही. हिवताप, पडसे, घशाचे दुखणे असे काही ना काही मागे लागलेले असे. गळ्याभोवती पट्टी गुंडाळून ते पटावर बसत. डावाच्या आरंभीचे ग्रंथगत ज्ञान त्यांच्यापाशी अपुरे होते. पहिल्या दहा-बारा खेळ्यांत ते मागे पडत आणि पुढे चिवटपणे डाव सावरीत. हेस्टिंग्ज येथील 1930-31 च्या स्पर्धेत त्यांनी माजी विश्वविजेते कापाब्लांका यांना 65 खेळ्यांत नमविले. वजिराचा झगमगीत बळी वगैरे त्या डावात काही नाही. एकेक घर आवळत नेलेला तो संयमी विजय आहे, आणि मला तो म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो. 1931 मध्ये त्यांनी तार्ताकोव्हर यांना सामन्यात 6.5–5.5 असे हरविले. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिम्पियाडमध्ये रुबिनस्टाइन यांना.

1933 अखेर ते मायदेशी परतले. 1935 मध्ये आपल्याकडील व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांना त्यातील एकच डाव बरोबरीत सोडविता आला. त्यानंतर सुलतान खान स्पर्धांच्या जगातून जवळजवळ नाहीसे झाले आणि शेतीत रमले.

1950 मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ग्रँडमास्टर किताबाच्या पहिल्या 27 मानकऱ्यांची यादी केली. तीत रुबिनस्टाइन होते, तार्ताकोव्हरही होते. त्या दोघांना हरविणारे सुलतान खान तेव्हा हयात होते; परंतु यादीत त्यांचे नाव नव्हते. 1966 मध्ये पाकिस्तानात क्षयाने त्यांचे निधन झाले. अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये महासंघाने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर म्हणून गौरविले. पाकिस्तानचे ते पहिले ग्रँडमास्टर.

‘निरक्षर नोकर’ अशी त्यांची ओळख पाश्चात्य लेखनात वर्षानुवर्षे छापली गेली. तिला त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर आक्षेप घेतला आहे. किताब उशिरा का होईना मिळाला. ही ओळख मात्र अजून पुरती पुसलेली नाही.

स्वतःच्या मुलांना त्यांनी या खेळाकडे वळविले नाही. आयुष्यात याहून उपयोगी काही करा, असे ते सांगत, अशी आठवण त्यांच्या मुलाने सांगितलेली आहे.