दुखण्याचाही हिशेब मांडा
(जिल्हा मेळाव्यात एका शेतकरी बाईने केलेले भाषण)



कापसाच्या एकरी खर्चाचा हिशेब आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारा, तो घडाघडा सांगेल. नांगरटी, वखरणी, बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी. या हिशेबात एक रकाना कधीच नसतो, तो घरातल्या दुखण्याचा. बैल बसला तर नुकसान किती, ते आपण बोटांवर सांगतो. घरचे माणूस बसले की ‘नशीब’ म्हणतो आणि वही मिटतो. आज मी त्या रकान्यावर बोलणार आहे. हे रडगाणे नाही. वही उघडी ठेवली तर वाट सापडते, एवढेच सांगायचे आहे.

२०१९ च्या दिवाळीनंतर, पहिली वेचणी चालू असताना, माझ्या मालकांच्या अंगावरून वारे गेले. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, शब्द फुटेना. कोणी म्हणाले कबुतराचे रक्त चोळा, कोणी म्हणाले अमक्या गावी लकव्याचे औषध मिळते. गावच्या आशाताईने कोणाचे ऐकले नाही. तिने १०८ ला फोन लावला आणि घोटभर पाणीसुद्धा पाजू दिले नाही. अशा माणसाला नीट गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत जाते.

लकवा म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगितले. फवारणीच्या पंपाचे नोझल चोक होते, नाहीतर नळी फुटते. मेंदूच्या रक्तवाहिनीचेही तसेच. गुठळी अडकते, नाहीतर नस फुटते. दोन्हींचे उपचार वेगळे, आणि सी.टी. स्कॅन केल्याशिवाय कोणते झाले ते कळत नाही. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, यातले एक जरी दिसले तरी आधी घड्याळ पाहा आणि गाडी बोलवा. देवाला नारळ नंतर फोडा, देव थांबेल.

मालक वाचले. पण हात आणि वाचा लगेच परत आली नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवे अंग जाते आणि बहुतेकांची वाचाही त्याच बाजूला असते. बोलता येत नव्हते, पण कळत सगळे होते. लोक त्यांच्या देखत बोलत, ‘आता यांचे संपले.’ ते डोळ्यांतून पाणी काढत.

भाऊबंद म्हणाले, दोन एकर विकून टाक. पोरीचे कॉलेज बंद कर, लग्न उरकून घे. मी वही काढली. विकलेली जमीन परत येत नाही, मक्त्याने दिलेली वर्षाने परत येते. दोन एकर मक्त्याने दिली. बैलजोडी विकली, वखरणी भाड्याने करून घेतली. कापूस कमी केला, ज्वारी आणि तूर वाढवली, कारण त्यांना नगद पैसा कमी लागतो. पोरगी कॉलेजातच राहिली. हाताचा व्यायाम तिने शिकून घेतला आणि रोज सकाळ-संध्याकाळ बापाचा हात ती हलवू लागली. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही, हे आम्हाला दवाखान्यात सांगितले होते. आम्ही त्या शब्दावर दिवस काढले.

पौषात ज्वारी खळ्यावर आली. मालक बाजेवर बसलेले, पोरगी पायलीने माप टाकत होती. पहिली पायली पडली आणि बाजेवरून आवाज आला, ‘लाभ!’ मग ‘दोन’, मग ‘तीन’. दोन महिन्यांनी माणूस बोलला, तो मापाचा शब्द बोलला. वाचेचे उपचार करणाऱ्या बाई पुढे म्हणाल्या, ओठांवर बसलेली मोजणी आणि भजने अशा वेळी पुष्कळदा आधी परत येतात.

खोटे सांगणार नाही. त्यांची मूठ अजून पुरती वळत नाही. पण कापसाच्या वजनाची नोंद आज तेच ठेवतात, डाव्या हाताने. शेतीचा कारभार मी पाहते. पूर्वी ते पुढे आणि मी मागे चालत होते, आता बरोबर चालतो.

आता कामाचे बोलते. पहिले, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्या. १४० वर ९० किंवा त्यापुढे वारंवार येत असेल तर उपचार लागतो. सरकारी केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. बरे वाटते म्हणून त्या मनाने बंद करू नका. खर्रा सोडा, मीठ आवरा.

दुसरे, हात गेला की सही जाते. सातबाऱ्यावर आणि बँकेच्या खात्यावर नवरा-बायको दोघांची नावे आजच लावा. बाईचे नाव असेल तर दुखण्यात तिला दारोदार फिरावे लागत नाही.

तिसरे, रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत, सगळ्यांना माहीत असलेल्या खुंटीला टांगून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी ते पहिल्याच दिवशी मागतात.

आणि चौथे, इर्जिक. माझ्या शेतातला फुटलेला कापूस त्या वर्षी गावच्या बायकांनी एका दिवसात वेचून दिला, मजुरी घेतली नाही. पैशाने मोजले तर काही हजारांचे काम. पण त्या दिवशी सावकाराच्या दारात जाणारे माझे पाऊल मागे फिरले. भावांनो, आशा ही आभाळातून पडत नाही, ती अशी ओटीत घालून घरी आणावी लागते. ज्या घरात दुखणे, त्या घराची एक दिवसाची वेचणी गावाची, असा ठराव प्रत्येक गावाने करावा, एवढी विनंती करते आणि माझे बोलणे संपवते.